फायबरच्या पोटातलं लाकूड

खाऱ्या पाण्याने लाकूड कुजत नाही. कुजतं ते पावसाच्या पाण्याने. मालवणच्या किनाऱ्यावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण मे सरता सरता होड्या वर ओढून त्यांच्यावर झापांचं छप्पर घालणारे हात हे धरूनच चालतात. जिने आठ-नऊ महिने दर्यात काढले, लाटा अंगावर घेतल्या, तळाशी सदानकदा खारं पाणी बाळगलं, तिच्या आत वरून पावसाचा थेंब जाऊ नये म्हणून केवढी यातायात! समुद्राला भिऊन होडी कुणी झाकत नाही. झाकायची ती मृगाला भिऊन.

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. तिला खायला लाकूड हवं, ओल हवी, ऊब हवी आणि थोडी हवाही हवी. मीठ तिला मानवत नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जुन्या काळी जहाज बांधणारे नव्या जहाजाच्या वाकांमधल्या, म्हणजे बरगड्यांमधल्या, पोकळीत जाडं मीठ ठासून भरत, ते याच हिशेबाने. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली असली की बुरशी निपचित पडते. उलट ओल फारच झाली, लाकूड पाण्याखाली गाळात रुतून बसलं, तर हवेवाचून तिचं चालत नाही. स्वीडनचं 'वासा' हे जहाज १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ साली वर काढलं तेव्हा त्याचा सांगाडा बव्हंशी शाबूत होता. त्याला आणखी एक कारण होतं. तिथलं पाणी इतकं कमी खारं की लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात नांदतच नाही. हा किडा दिसतो अळीसारखा, पण कुळाने शिंपल्यांचा भाऊबंद, आणि त्याला मीठ लागतं. थोडक्यात, लाकडाचा एक वैरी खाऱ्यातला आणि दुसरा गोड्यातला. लाकडी होडीवाल्यांना दोघांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची. आमची होडी फायबरची. आम्हाला दोघांपैकी कुणाचीच भीती नव्हती.

आमची म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. होडी दादाची. तो माझा थोरला चुलतभाऊ. त्याने ती वापरलेली अशी विकत घेतली तेव्हा पैसे कमी पडत होते, म्हणून माझा चार आण्यांचा वाटा. मी मुंबईत बसून तो वाटा बाळगतो आणि सुट्टीत गेलो की होडीतून फुकट फिरतो. बावीस फुटी होडी, मागे लटकणारं इंजीन. पहाटे जाळी, आणि सुट्ट्या लागल्या की पर्यटक. विकणाऱ्याने घेतानाच सांगितलं होतं, "फायबराक काय होवचा नाय." दादाने ते इतकं मनावर घेतलं की दर पावसाळ्यात शेजारच्या लाकडी होड्या झापांखाली जायच्या आणि आमची उघडी. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा ती अंगावर घ्यायची. श्रावणात तिच्यात पाणी साचलेलं दिसलं की दादा एक बालदी घेऊन जायचा आणि उपसून यायचा. देखभाल म्हणाल तर एवढीच.

फायबर फायबर म्हणतात ती मुळात काच. केसाहून बारीक धागा ओढला की काच फुटणं विसरते आणि ताणाला भल्याभल्या धातूंना ऐकत नाही. हे धागे विणून किंवा नुसते विस्कटून अंथरायचे, त्यावर रेझिन ओतायचं, ते कडक झालं की झाला पत्रा. या पत्र्याला गंज नाही, कीड नाही, बुरशी नाही. त्याचं दुबळेपण एकच, तो लवतो. पातळ आणि लांब-रुंद पत्रा लाटेवर आपटला की आत दबतो, पुन्हा बाहेर येतो, आणि हे लाखो वेळा झालं की थकतो. म्हणून होडीच्या तळाशी पुढच्या नाळेपासून मागच्या फळीपर्यंत उभे वासे टाकतात. कारागीर त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरली तर वाकते, उभी धरली तर वाकत नाही, तोच प्रकार. वाशाची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. आणि हे वासे कसले, तर लाकडाचे. वरून काचेचे दोन-तीन थर गुंडाळून, रंग देऊन असे झाकलेले की ते लाकूड आहे हे बांधणाऱ्यालाच ठाऊक.

मागच्या एका हंगामात दादा फोनवर म्हणाला, होडी जड झाली. तेवढंच पेट्रोल, तेवढंच अंतर, पण धावत नाही. मग म्हणाला, मधल्या बाकाजवळ पाय दबतो. मग इंजिनाचा हादरा सगळ्या अंगाला जाणवायला लागला. मी मे महिन्यात गेलो तेव्हा होडी वर काढलेली होती आणि दादा तिच्यात ओणवा होऊन हातोडीच्या दांड्याने जमिनीवर ठोकत होता. जमीन म्हणजे ज्यावर आपण उभे राहतो तो सपाट भाग. नाळेकडे ठोकलं की टण्‌ टण्‌. मध्यावर आलं की आवाज एकदम बसायचा. "बद्द येता," दादा म्हणाला आणि वर बघून विचारलं, "आतमधी काय हा?" फायबरच्या होडीच्या मालकाने इतक्या वर्षांनी विचारलेला हा पहिला नेमका प्रश्न होता.

फायबरचं काम करणारा मुलगा वेंगुर्ल्याहून यायचा. पंचविशीतला, बोलायला कमी. त्याने ड्रिलने जमिनीतून खाली वाशात एक भोक पाडलं आणि पात्यावर आलेला भुसा दादाच्या तळहातावर ठेवला. चांगल्या लाकडाचा भुसा फिकट येतो आणि फुंकर मारली की उडतो. हा काळा होता. दादाने मूठ वळली आणि उघडली तर त्याचा गोळा झालेला. मुलगा काही बोलला नाही, ग्राइंडर लावायला वायर शोधायला लागला.

जमीन कापून काढली. काठाला चार बोटं पट्टी ठेवून, म्हणजे नवी जमीन बसवायला कठडा राहतो. खाली पिवळा फोम भरलेला होता, होडी उलटली तरी बुडू नये म्हणून घालतात तो. बोट रुतवलं की पाणी वर यायचं. तरंगायला घातलेली वस्तू पाणी पिऊन होडीलाच खाली ओढत होती. त्याचे ठोकळे उचलून बाहेर टाकताना आम्हा दोघांची दमछाक झाली. फोमखाली दोन्ही वासे दिसले. बाहेरून बघाल तर ठणठणीत. रंगसुद्धा उडालेला नाही. मुलाने एकाच्या कुशीला उभी चीर पाडली. त्या चिरेतून चहाच्या रंगाचं पाणी झिरपायला लागलं, थेंब थेंब नाही, सलग धार. दादाने त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"गोडा हा," तो म्हणाला.

मला वाटतं, त्या घटकेला त्याला सगळं कळलं. शेजारच्या होड्यांवरचे झाप, बालदीने उपसलेलं पाणी, सगळं. समुद्राचं पाणी वाशापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचला होता पाऊस. तो शिरला कुठून तेही दिसत होतं. पर्यटकांसाठी बाकं बसवताना ती हलू नयेत म्हणून कुणीतरी त्यांचे स्क्रू नेमके वाशांत पिळले होते. प्रत्येक स्क्रू म्हणजे काचेच्या कवचातून लाकडात उतरणारी वाट. शिवाय साचलेलं पाणी मागे वाहून जावं म्हणून वाशांच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती बांधणाऱ्याने पाडली आणि तशीच सोडली. भोकाच्या आतली कड उघडं लाकूड. लाकूड पाणी पितं ते पाठीपोटाने कमी, रेषांच्या तोंडाने जास्त, आणि ती तोंडंच तिथे उघडी होती. पाणी आत गेलं. बाहेर निघायला ऊन नाही, वारा नाही. बुरशीला हवी तेवढीच हवा त्या भोकांतून मिळत राहिली. लाकूड उघडं असतं तर सुकलं असतं. पुरतं बुडालेलं असतं तर टिकलं असतं. झाकलेलं होतं म्हणून कुजलं.

आतलं लाकूड आम्ही खुरप्याने काढलं. काही ठिकाणी त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे झाले होते, एकेक तुकडा नीट कोपऱ्यांचा, रंगाने गडद तपकिरी. तुकडा हातात घेतला तर वजन नाही. चिमटीत दाबला तर पूड. ही बुरशी लाकडातला धागा तेवढा खाते आणि धाग्यांना बांधून ठेवणारा मसाला मागे सोडते, म्हणून लाकूड तपकिरी होतं, त्याचा आकार राहतो, ताकद जाते. एका वाशात पुढच्या बाजूला हातभर लाकूड चांगलं निघालं. फणसाचं असावं किंवा ऐनाचं, मेस्त्रींनाही छातीठोक सांगता येईना. त्या हातभर लाकडावर एकही स्क्रू नव्हता.

मेस्त्री म्हणजे शेजारच्या होड्यांचं काम करणारे सुतार, सत्तरीच्या पुढचे. ते रोज संध्याकाळी येऊन आमच्या उघड्या पडलेल्या होडीकडे बघत उभे राहायचे. त्यांच्या तोंडावर समाधान नव्हतं असं मी म्हणणार नाही. लाकडी होडी त्यांनी जन्मभर ठोकली. पठाण (तळाचा कणा), नाळ, वाक, फळ्या, कलफत (फटी बुजवायचं काम), सगळं डोळ्यांसमोर. वाक उघडे असतात. होडीत बसलेला माणूस त्यांना पाय टेकून बसतो. नारळी पुनवेच्या आधी प्रत्येक सांध्यात टोच्या घालून बघायचं, मऊ लागलं तेवढं कापून नवं सांधायचं. होडी म्हातारी होते ती तुमच्यासमोर, एकेका वाकाने. त्यांनी एकदाच विचारलं, "लाकूडच घालूचा होता तर लपवलास कित्याक?"

उत्तर द्यायचं तर १९४२ सालापर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी रे ग्रीन नावाच्या माणसाने काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन वापरून एक छोटी शिडाची होडी बनवली. काचेचा धागा कारखान्यात काढण्याचं तंत्र त्याच राज्यात नुकतंच बसलं होतं आणि युद्धामुळे अशा नव्या द्रव्यांना भाव आला होता. त्याची होडी या जातीतल्या अगदी पहिल्यांपैकी मानतात. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत तिकडे साच्यातून होड्या निघायला लागल्या. सुरुवातीच्या बांधणाऱ्यांना हे नवं द्रव्य किती भार सोसतं याचा अंदाज नव्हता, म्हणून भीतीपोटी त्यांनी भिंती जाडजूड केल्या. त्यातल्या कित्येक होड्या अजून चालतात. पुढे अंदाज आला, रेझिन महागलं, आणि भिंती पातळ झाल्या. पातळ भिंतीला आधार हवा, आणि स्वस्तातला आधार म्हणजे लाकूड. लाकडाला बंद करून टाकलं की ते अमर होतं, असा तेव्हा पुष्कळांचा प्रामाणिक समज होता. आपल्याकडे फायबर आलं ते यातलं सगळं घेऊन आलं, समजासकट. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कट्टुमरमच्या जागी फायबरच्या होड्या हजारोंनी आल्या. कोकणात ती इतकी एका लाटेने नाही, हळूहळू आली. आता तर लाकडी होडीलाही बाहेरून फायबर चढवतात.

फायबरची बाजू मला मांडायची आहे, नाहीतर हे सगळं मेस्त्रींच्या तोंडचं वाटेल. सागाचा भाव आज कुणा लहान मच्छीमाराला झेपणारा नाही. लाकडी होडी दरवर्षी तेल, कलफत, सुतार मागते, आणि सुतार उरलेत किती? मेस्त्रींची मुलं पुण्याला मॉड्युलर किचन बसवतात. फायबरने गरिबाच्या हातात हलकी, गळत नाही अशी होडी दिली हे खोटं नाही. माझी तक्रार फायबरशी नाहीच. ती "काय होवचा नाय" या शब्दांशी आहे. त्या शब्दांनी दादाला होडीकडे बघायची गरजच ठेवली नाही, आणि इतका अनुभवी दर्यावर्दी आपल्याच होडीच्या पोटात काय आहे हे न विचारता राहिला.

आमच्या जुन्या घरातही हेच झालंय. ओसरीचे खांब दगडी तळखड्यावर उभे होते, जमिनीला न टेकता, म्हणजे ओल वर चढू नये. आजोबांनंतर कुणाला तरी खांब जुनाट दिसायला लागले. त्यांना खालपासून कमरेपर्यंत सिमेंट थापून वर टाइल्स लावल्या. छान दिसायचं. काही पावसाळे गेले आणि एक खांब टाइल्सच्या आतल्या आत खचला. वर छपराने किंचित मान टाकली म्हणून कळलं. ज्याने तो तळखडा घडवला त्याने तो उगाच उघडा सोडला नव्हता.

नवे वासे कशाचे घालायचे यावर बंदरावर जवळजवळ सभाच भरली. मेस्त्रींचं म्हणणं एकच, साग. "सागाक काय होता?" हे त्यांचं पालुपद. त्यात चूकही नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागातून बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ती आजही पाण्यावर उभी आहे. सागाच्या अंगात तेल असतं, बुरशीला आणि किड्याला न आवडणारी द्रव्यं असतात. इंग्रजांच्या ओकसारखा तो लोखंडी खिळ्यांना खातही नाही. पण वेंगुर्ल्याचा मुलगा नको म्हणाला. "तेलकट लाकडाक रेझिन पकडत नाय." त्याचंही खरं. ज्या तेलाने साग शतकं टिकतो त्याच तेलाने काचेचं कवच त्याच्यापासून सुटतं. ॲसिटोनने पुसून थोडा वेळ भागतं, पण लाकूड फुगलं-आकसलं की सांधा बोलायला लागतो. मेस्त्रींना हे पटलं नाही. जगातलं सगळ्यात चांगलं लाकूड चांगलं असल्यामुळेच नको, हे त्यांनी का पटवून घ्यावं?

दादाला मग वाटलं, लाकूडच नको, थर्माकोल घालू. हलकं, कुजत नाही. मुलाने उत्तर दिलं नाही. माशांच्या खोक्याचा एक पांढरा तुकडा उचलला आणि मगमधलं थोडं रेझिन त्यावर ओतलं. रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि थर्माकोलही जातीने तेच. बघता बघता तुकड्यात खड्डा पडला, कडा आत ओढल्या गेल्या आणि सगळं एक चिकट थेंब होऊन बसलं. दादा बराच वेळ त्या थेंबाकडे बघत होता. वेगळ्या जातीचा घट्ट फोम मिळतो, रेझिनला न विरघळणारा, पण तो बाहेरून मागवायचा म्हणजे पावसापूर्वी काम उरकणं शक्य नव्हतं.

शेवटी मरीन प्लाय ठरलं. आयएस ७१० चा शिक्का असलेलं. या प्रतीच्या प्लायचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. पण डिंक टिकला तरी थरांतलं लाकूड शेवटी लाकूडच, औषध पाजलेलं असलं तरी. म्हणून मुलाने एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्या प्रकरणात मोलाची वाटली. लाकडावर भरवसा ठेवून काच घालायची नाही. काच इतकी घालायची की लाकूड नसलं तरी चालेल. जुन्या वाशावर दोन थर होते, म्हणून भार लाकडावर होता, आणि लाकूड गेल्यावर वासा गेला. थर पुरेसे असते तर आतलं लाकूड कुजूनही वरचं काचेचं पोकळ खोकं उभं राहिलं असतं, कारण ताठपणा उंचीतून येतो आणि उंची आकाराची असते. लाकूड तिथे फक्त साचा. हे ऐकून मेस्त्री म्हणाले, "मगे लाकूड घालतास तरी कशाक?" मुलगा पहिल्यांदा हसला. "काच हवेत उभी रवात काय?"

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी दोन बाबी झाल्या आणि दोन्ही मला आधी सुचल्या नसत्या. पहिली, होडीच्या तळाखाली जागोजागी वाळूची पोती आणि फळ्या लावून तिला सगळीकडून टेकू दिला. वासे काढले की उरतो नुसता पत्रा. तो स्वतःच्याच वजनाने कुठे बसेल, कुठे पिळवटेल सांगता येत नाही, आणि त्या वाकड्या अवस्थेत नवे वासे चिकटवले की तो वाकडेपणा कायमचा. म्हणून वासेही एकाच वेळी दोन्ही काढायचे नाहीत. एक काढून नवा पक्का करायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. जुनं कुजलेलं असलं तरी आकार त्यानेच धरून ठेवलेला असतो. दुसरी बाब, होडी आतून गोड्या पाण्याने धुतली, पुन्हा पुन्हा, आणि उन्हात वाळवली. जे मीठ लाकडाला राखतं तेच हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्यावर रेझिन धरत नाही. मालवणात मे महिन्यात गोडं पाणी होडी धुवायला वापरणं म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते मी इथे लिहीत नाही.

मग घासणं. जुना पृष्ठभाग ग्राइंडरने खरवडून आतली ताजी पांढरी काच उघडी करायची, तरच नवं जुन्याला धरतं. ही धूळ म्हणजे काचेचे अदृश्य काटे. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि तरीही मनगटाच्या जागी शिरायची ती शिरतेच. खाजवलं की आणखी आत जाते. मुलगा संध्याकाळी थंड पाण्याने हात नुसते वाहू द्यायचा, चोळायचा नाही. मुंबईला परतल्यावर माझ्या शर्टाच्या कॉलरमध्ये ती सापडली आणि ज्याने शोधली त्याचं मत माझ्या वाट्याबद्दल फारसं चांगलं राहिलं नाही.

जुन्या वाशाचं कवच पुठ्ठ्यावर ठेवून आकार काढला. प्लायचे दोन थर डिंकाने जोडून वासे कापले आणि सगळ्या कडांना, विशेषतः टोकांना, पातळ रेझिन पाजलं, पिणं थांबेपर्यंत. वासा तळावर थेट टेकवत नाहीत. मध्ये रेझिनच्या पुट्टीची गादी घालतात, नाहीतर लाट आपटली की नेमकी ती रेघ तळाला आतून कापते. वासा आणि तळ जिथे भेटतात तो काटकोनही ठेवत नाहीत. काचेला कोपऱ्यात दुमडायला आवडत नाही, ती उचलते आणि खाली बुडबुडा राहतो. मुलाने बाटलीचं बूड ओढत ओढत पुट्टीला गोलाई दिली. इतक्या वेगाने आणि इतक्या सारख्या हाताने की मेस्त्री दोन पावलं पुढे सरकून बघायला लागले. मी त्यांना त्या पोराचं कौतुक करताना ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले.

रेझिनचा खेळ उन्हाशी असतो. आधी त्यात कोबाल्ट, मग शेवटी कॅटॅलिस्ट, शंभराला एक-दोन भाग. हे दोन्ही एकमेकांत थेट कधी मिसळायचे नाहीत, भडका उडतो. म्हणून मुलाने दोन बाटल्या होडीच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या आणि मला दोन्हींपासून लांब. कॅटॅलिस्ट पडला की घड्याळ सुरू. मेमधल्या दुपारी ते घड्याळ पळतं. एकदा दादाने मध्येच मुलाला चहासाठी हाक मारली आणि मगमध्ये उरलेलं रेझिन तेवढ्यात मधासारखं दाट झालं, मग थरथरणारं, शेवटी तो मग हातात धरवेना इतका तापला आणि त्यातून धूर आला. वाळूत फेकला तेव्हा आतला ठोकळा तडकलेला. त्यानंतर काम पहाटे आणि सूर्य कलल्यावर. विस्कटलेल्या धाग्यांची मॅट, त्यावर विणलेलं रोविंग, पुन्हा मॅट. प्रत्येक थर आधीच्याहून दोन बोटं रुंद, म्हणजे सगळ्यांची कड एका जागी संपत नाही. रेझिन पडलं की पांढरी मॅट पारदर्शक होते आणि खालचं प्लाय दिसायला लागतं. मग दातेरी लोखंडी रोलर फिरवून हवा बाहेर काढायची. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा उरली. मुलगा तळाजवळ गाल नेऊन ते ठिपके शोधायचा.

पाणी वाहायच्या भोकांत या वेळी पीव्हीसी पाइपचे तुकडे बसवून चिकटवले, म्हणजे लाकडाला पाणी दिसणारच नाही. बाकं वाशांना पिळली नाहीत, त्यांना वेगळे पाय दिले. मेस्त्रींचा साग अगदीच वाया गेला नाही. होडीच्या काठाला धक्क्यावर घासू नये म्हणून जी पट्टी लागते ती त्यांनी सागाची केली, बाहेरून, उघडी, बोल्ट काढला की सुटणारी. त्यासाठी त्यांनी कुणाचं मत विचारलं नाही.

कापून काढलेल्या जुन्या काचेचं काय करायचं हा प्रश्न राहिला. लाकडी होडी मोडली की चुलीत जाते, खिळे भंगारात. ही काच पुन्हा वितळत नाही. जाळली तर विषारी धूर होतो. भंगारवाला घेत नाही. खाडीच्या तोंडाशी अशा टाकून दिलेल्या फायबरच्या दोन-तीन होड्या वर्षानुवर्षं पडून आहेत, नाळ वर करून. त्यांच्यातलं लाकूड केव्हाच संपलं असणार. आमचे तुकडे दादाने तूर्त घरामागे रचून ठेवले आहेत आणि वहिनी रोज विचारते, हे किती दिवस.

नव्या जमिनीत मी हट्टाने दोन गोल झाकणं बसवायला लावली, फिरवून उघडायची, वाशांच्या बरोब्बर वर. वर्षातून दोनदा उघडून आत हात घालायचा, ओल लागते का बघायचं. दादाने मान डोलावली. दिवाळीत गेलो तेव्हा एक झाकण उघडलं तर आत पर्यटकांच्या पाकिटांची आणि मोबाइलची प्लास्टिकची पिशवी. "भिजत नाय ना थय," दादा म्हणाला. ओल नाही याचा याहून चांगला पुरावा मलाही सुचला नाही.

राहिली मागची आडवी फळी, जिच्यावर इंजीन लटकतं. तीही फायबरमध्ये गुंडाळलेली, आणि तिच्यातून इंजिनाचे बोल्ट आरपार. पाऊस सुरू व्हायला आला होता, पैसे संपले होते, आणि मुलाला पुढचं काम रेडीला होतं. दादाने हातोडीच्या दांड्याने ठोकलं, मी पलीकडून कान लावला. दादा म्हणाला टणक आहे. मला डाव्या बोल्टाखाली तसं वाटलं नाही. मेस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, लाकूड असतं तर सांगितलं असतं. चार आणेवाल्याच्या कानाला किती किंमत असते ते मला ठाऊक होतं. इंजीन बसलं. या वर्षी मात्र होडीवर ताडपत्री आहे, आणि डाव्या बोल्टावर दादाने, मला न सांगता, आणखी एक प्लास्टिकची पिशवी बांधली आहे.